पोर्शे ९११ च्या जुन्या इंजिनांतील वंगण प्रणालीची सुधारणा

पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्स कारच्या १९६४ ते १९८९ या काळातील इंजिनांमध्ये वंगणतेल खेळवणारे, थंड करणारे आणि तेलाच्या दाबावर चालणारे काही मूळ भाग काढून त्यांच्या जागी नंतरच्या वर्षांत विकसित झालेले भाग बसवले जातात. या कामाला ढोबळमानाने वंगण प्रणालीची सुधारणा असे म्हणतात. त्यात मुख्यतः टायमिंग चेनचे टेन्शनर, गाडीच्या पुढील भागातील ऑइल कूलर, ऑइल पंप, दाब नियंत्रित करणाऱ्या तेलवाटा आणि गळती रोखणाऱ्या सील यांचा समावेश होतो. यांपैकी बहुतेक भाग बाहेरच्या कोणा कारागिराने शोधलेले नसून स्वतः पोर्शे कंपनीनेच पुढील वर्षांच्या गाड्यांत वापरलेले आहेत. इंजिनाचा मूळ आराखडा सुमारे पंचवीस वर्षे फारसा बदलला नाही, म्हणून नंतरचा भाग आधीच्या इंजिनाला थोड्या फेरफाराने बसू शकतो. हे या गाडीचे वैशिष्ट्य आहे आणि तिची जुनी इंजिने आजही चालू स्थितीत राहण्याचे एक महत्त्वाचे कारणही आहे.

पार्श्वभूमी

ही गाडी १९६३ साली फ्रँकफुर्ट येथील मोटार प्रदर्शनात ९०१ या नावाने प्रथम मांडली गेली. मध्ये शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर प्यूजो या फ्रेंच कंपनीने हक्क सांगितल्यामुळे नाव बदलून ९११ करण्यात आले. इंजिनाच्या आराखड्यात हान्स मेत्स्गर या अभियंत्याचा प्रमुख वाटा होता. सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन रांगांत समोरासमोर आडवे ठेवलेले हे इंजिन मागील चाकांच्याही मागे बसवलेले असते. पहिल्या इंजिनाची क्षमता १,९९१ घन सेंटिमीटर आणि शक्ती १३० अश्वशक्ती होती. पुढे क्षमता २.२, २.४, २.७ आणि ३.० लिटर अशी वाढत गेली. १९८४ च्या मॉडेलपासून कॅरेरा ३.२ मध्ये ती ३,१६४ घन सेंटिमीटरवर पोचली.

क्षमता वाढली तशी उष्णताही वाढली. या इंजिनाभोवती पाणी खेळत नाही. पट्ट्यावर फिरणारा एक मोठा पंखा सिलिंडरांवर हवा सोडतो आणि उरलेली बरीचशी उष्णता तेल वाहून नेते. त्यामुळे ‘हवेने थंड होणारे इंजिन’ हे रूढ वर्णन पूर्ण खरे नाही. तेल येथे वंगणही आहे आणि शीतकही. तेलाच्या वाटेत अडथळा आला, तर झीज आणि अतितापन हे दोन्ही दोष एकाच वेळी सुरू होतात.

तेलाचा मार्ग

बहुतेक मोटारींमध्ये तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या भांड्यात साठते. तीव्र वळणावर ते भांड्याच्या एका बाजूला सरकले, तर पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येऊ शकते. ९११ मध्ये हे टाळण्यासाठी शर्यतीच्या गाड्यांप्रमाणे ‘ड्राय सम्प’ पद्धत वापरली आहे. तेल इंजिनाबाहेर, उजव्या मागील चाकामागे मडगार्डमध्ये बसवलेल्या वेगळ्या टाकीत असते. मॉडेलनुसार प्रणालीत सुमारे १० ते १३ लिटर तेल मावते. सर्वसाधारण कारच्या तुलनेत हे प्रमाण दुप्पट-तिप्पट आहे.

पंप दोन भागांचा असून तो क्रँककेसच्या आत बसतो आणि क्रँकशाफ्टखालील मध्यवर्ती शाफ्टवर फिरतो. त्याचा एक भाग टाकीतून तेल ओढून दाबाने इंजिनाला देतो. दुसरा भाग इंजिनाच्या तळाशी जमा झालेले तेल उपसून टाकीकडे परत पाठवतो. दाबाच्या बाजूचे तेल गरम असल्यास इंजिनालाच जोडलेल्या कूलरमधून फिरून मुख्य बेअरिंगांकडे जाते. मुख्य बेअरिंगांची संख्या आठ आहे. दोन बाजूंच्या कॅमशाफ्टना तेल बाहेरून जाणाऱ्या बारीक नळ्यांद्वारे मिळते आणि तेथून ते परतीच्या नळ्यांतून खाली उतरते.

उपशाच्या बाजूचे तेल टाकीकडे जाताना, गाडीला पुढील कूलर असल्यास, आधी त्या कूलरमध्ये जाते आणि मगच टाकीजवळील फिल्टरमध्ये शिरते. हा क्रम नीट लक्षात ठेवावा लागतो. इंजिनात एखादा भाग तुटला, तर त्याचे धातुकण फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच पुढील कूलर आणि त्याच्या लांब नळ्यांमध्ये अडकून बसतात.

टाकीच्या जागेबाबत १९७२ च्या मॉडेलमध्ये एक प्रयोग झाला होता. वजनाचा समतोल सुधारण्यासाठी ती मागील चाकाच्या पुढे आणून तेल भरण्याचे झाकण गाडीच्या उजव्या अंगावर बाहेरून दिले गेले. पेट्रोल पंपावरील कर्मचारी त्या झाकणातून चुकून पेट्रोल भरत, असे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी टाकी पुन्हा जुन्या जागी गेली.

टायमिंग चेनचे टेन्शनर

या इंजिनातील सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत आवश्यक मानली जाणारी सुधारणा टेन्शनरची आहे. दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट दोन स्वतंत्र साखळ्यांनी फिरतात. धातू तापून प्रसरण पावल्यावर आणि साखळी झिजल्यावर तिच्यात ढिलाई येते. ती भरून काढण्यासाठी प्रत्येक साखळीवर एका लहान चाकाचा दाब असतो. हे चाक एका आर्मवर बसलेले असते आणि आर्मला टेन्शनरचा दट्ट्या ढकलून धरतो.

१९८३ पर्यंतच्या इंजिनांत हा टेन्शनर स्वयंपूर्ण होता. त्याच्या आत स्प्रिंग आणि स्वतःपुरता तेलाचा साठा असे. इंजिनाच्या दाबाच्या तेलाशी त्याचा थेट संबंध नव्हता. आतील सील निकामी झाले की साठ्यातील तेल निसटते, दट्ट्याचा प्रतिकार संपतो आणि टेन्शनर दबून राहतो. मग ढिली साखळी घराच्या भिंतीवर आपटू लागते. इंजिन सुरू करताना किंवा मंद गतीवर येणारा खडखडाट ही त्याची खूण असते. तो आवाज काही सेकंदांत थांबत असेल तर अजून अवधी आहे असे मानण्याची प्रथा आहे, पण त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. साखळी दातांवरून घसरली, तर कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट यांचा मेळ सुटतो. या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात. मुठीत मावेल एवढ्या भागाच्या बिघाडामुळे व्हॉल्व्ह वाकणे, पिस्टन फुटणे आणि पूर्ण इंजिन उघडावे लागणे, इथपर्यंत मजल जाते.

टेन्शनरच्या अपयशाचा सगळा दोष टेन्शनरलाच देणे मात्र बरोबर नाही. जुन्या पद्धतीचे आर्म त्यांच्या पिनवर घट्ट होऊन अडकत. अडकलेला आर्म साखळीच्या हालचालीला साथ देत नाही आणि सगळा धक्का टेन्शनरवर येतो. पोर्शेने १९८० च्या मॉडेलपासून आर्मचा आराखडा बदलला आणि त्यात बुश बसवलेली रुंद बैठक दिली. त्यापूर्वीच्या गाडीत केवळ नवा टेन्शनर घालून आर्म जुनेच ठेवणे ही अर्धवट दुरुस्ती ठरते.

१९८४ च्या मॉडेलपासून, म्हणजे कॅरेरा ३.२ पासून, टेन्शनरला इंजिनाच्या दाबाचे तेल मिळू लागले. कॅमशाफ्टकडे जाणाऱ्या नळीला फाटा काढून एक बारीक नळी टेन्शनरपर्यंत आणलेली असते. इंजिन चालू असेपर्यंत टेन्शनरमधील तेल सतत भरले जाते, त्यामुळे थोडीफार गळती झाली तरी दट्ट्या दबत नाही. हे भाग आधीच्या इंजिनांना बसवता येतात आणि त्यांचा संच ‘कॅरेरा टेन्शनर’ या नावाने ओळखला जातो. संचात डावा व उजवा टेन्शनर, कॅमशाफ्टकडील नव्या नळ्या, टेन्शनरची नळी बाहेर घेण्यासाठी छिद्र असलेली चेनघराची झाकणे आणि गॅस्केट असतात. १९८० पूर्वीच्या गाड्यांसाठी नवे आर्मही लागतात. डावा आणि उजवा टेन्शनर दिसायला सारखे असले तरी त्यांची अदलाबदल चालत नाही.

काम करताना क्रँकशाफ्टची पुली पहिल्या सिलिंडरच्या वरच्या मृतबिंदूच्या खुणेवर आणून ठेवतात. एका वेळी एकच बाजू उघडली आणि टेन्शनर काढण्यापूर्वी साखळी बाहेरून ताणून धरली, तर कॅमशाफ्टचे टायमिंग हलत नाही. नव्या टेन्शनरचा दट्ट्या एका पिनने आत अडवून ठेवलेला असतो. टेन्शनर जागेवर पक्का बसल्यानंतरच ती पिन काढायची असते. काम इंजिन गाडीत असतानाही होऊ शकते, पण सायलेन्सर आणि मागील बाजूचे पत्रे काढावे लागतात आणि हात जायला जागा फार थोडी उरते.

कमी खर्चाचा पर्याय म्हणून जुन्या टेन्शनरच्या दट्ट्यावर धातूची कडी बसवली जाते. टेन्शनर निकामी झाला तरी ही कडी दट्ट्याला ठरावीक मर्यादेपलीकडे दबू देत नाही. साखळी खडखडते, पण सहसा दातांवरून घसरत नाही. ही सुधारणा नसून सुरक्षेची तरतूद आहे, आणि ती तशीच समजून वापरली तर उपयुक्त ठरते.

पुढील ऑइल कूलर

सुरुवातीच्या गाड्यांत फक्त इंजिनावरील कूलर होता. अधिक शक्तीच्या ९११ एस या प्रकाराला १९६९ च्या मॉडेलमध्ये उजव्या पुढील मडगार्डमध्ये दुसरा कूलर देण्यात आला. पुढे इतर प्रकारांसाठी कंपनीने एक साधी युक्ती वापरली. तेलाची नळीच पुढील मडगार्डमध्ये वळवून परत आणली गेली. आकारावरून तिला ‘ट्रॉम्बोन’ असे नाव पडले. नळीचा पृष्ठभाग लहान असल्याने तिची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता बेताचीच आहे. त्यानंतर पंख्यांसारख्या पात्या असलेले नळ्यांचे कूलर आले आणि कॅरेरा ३.२ मध्ये रेडिएटरच्या धर्तीचा कूलर आला. या शेवटच्या प्रकाराला नंतर विजेचा पंखाही जोडण्यात आला.

या सुधारणेची सर्वाधिक गरज १९७४ ते १९७७ च्या २.७ लिटर इंजिनांना भासते. त्यांचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. हा धातू हलका आहे, परंतु तापल्यावर सिलिंडर आणि क्रँककेस यांच्या प्रसरणातील फरकामुळे सिलिंडर-हेडचे स्टड ताणले जातात आणि क्रँककेसमधील आटे उपटून निघतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९७५ ते १९७७ च्या अनेक गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठी थर्मल रिअॅक्टर बसवलेले होते. ते एक्झॉस्टमधील उरलेले इंधन इंजिनाला लागूनच जाळत, त्यामुळे तेथील उष्णता आणखी वाढली. त्यातच काही गाड्यांच्या पंख्याला अकराऐवजी पाचच पाती होती. २.७ लिटर इंजिन नाजूक असल्याचा लौकिक मुख्यतः या योगायोगातून तयार झाला. स्टडच्या छिद्रांत पोलादी आट्यांचे बुश बसवणे, रिअॅक्टर काढून साधे हीट एक्स्चेंजर लावणे, अकरा पात्यांचा पंखा बसवणे आणि पुढे पूर्ण आकाराचा कूलर देणे, एवढे केल्यावर हेच इंजिन दीर्घकाळ चालते. अर्थात रिअॅक्टर काढण्यास त्या-त्या ठिकाणचे प्रदूषणविषयक नियम परवानगी देतात का, हे आधी पाहावे लागते.

कूलर बदलताना अडचण सहसा कूलरची नसते. उजव्या मागील चाकाच्या घरात एक थर्मोस्टॅट असतो. तेल सुमारे ८५ अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावरच तो ते पुढील कूलरकडे सोडतो. त्याचे घर अॅल्युमिनियमचे आहे आणि नळ्यांचे नट दुसऱ्या धातूचे आहेत. अनेक दशके चिखल आणि पाणी खाल्ल्यावर हे आटे एकमेकांत जाम होतात. मोठा पाना लावून जोर केला की नट सुटण्याऐवजी थर्मोस्टॅटचेच आटे निघून येतात. नवा थर्मोस्टॅट महाग असतो. त्यामुळे अनुभवी कारागीर नळी वाचवण्याचा हट्ट सोडून नटच करवतीने किंवा कटरने चिरून काढतात.

कूलर मोठा असेल तितका चांगला, असेही नाही. थंड हवामानात तेल पुरेसे तापले नाही, तर त्यात मिसळलेले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. थर्मोस्टॅट शाबूत ठेवूनच कूलर वाढवावा. काही शर्यतीच्या गाड्यांत थर्मोस्टॅट काढून टाकतात, पण रस्त्यावरच्या गाडीसाठी ते अनुकरणीय नाही. रस्त्यावर चालताना तेलाचे तापमान सर्वसाधारणपणे ८० ते १०० अंशांदरम्यान असणे योग्य समजतात. ते वारंवार १२० अंशांच्या वर जात असेल, तर कूलरचा विचार करण्याची वेळ आली आहे असे मानतात.

ऑइल पंप आणि परतीची वाट

दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून क्रँककेसमध्ये स्प्रिंगवर बसलेले दोन लहान पिस्टन असतात. ठरलेल्या दाबापलीकडे ते सरकतात आणि जादा तेलाला बाजूची वाट मोकळी करून देतात. सुरुवातीच्या इंजिनांत हे जादा तेल क्रँककेसमध्येच सोडले जाई. म्हणजे पंपाने कष्टाने वर चढवलेले तेल पुन्हा तळाशी जमा होई आणि ते उपसण्याचे काम पंपाच्या दुसऱ्या भागावर पडे. वेग वाढला की जादा तेलही वाढते. उपसा मागे पडल्यास क्रँकशाफ्ट तेलात घुसळत फिरतो, तेलाला फेस येतो आणि शक्ती वाया जाते. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर ही वाट बदलण्यात आली. जादा तेल पंपाच्या ओढण्याच्या बाजूला थेट परत देण्याची व्यवस्था झाली.

जुन्या क्रँककेसमध्येही हा बदल करता येतो. त्यासाठी क्रँककेस पूर्ण उघडून एक तेलवाट बुजवावी आणि दुसरी पाडावी लागते. शिवाय नव्या रचनेशी जुळणारा पंप आणि पिस्टन लागतात. केवळ पंप बदलून किंवा केवळ पिस्टन बदलून भागत नाही. दोन पिढ्यांचे भाग अर्धवट मिसळल्यास दाब मिळेनासा होऊ शकतो. म्हणून हे काम इंजिनाची पूर्ण दुरुस्ती चालू असतानाच केले जाते. टर्बो प्रकाराचा, म्हणजे ९३० चा, पंप साध्या ९११ च्या पंपापेक्षा अधिक तेल देतो. त्यामुळे मोठ्या क्षमतेच्या किंवा शर्यतीच्या इंजिनांसाठी तो पसंत केला जातो.

दाबमापकावरील काटा वर जावा म्हणून दाब-पिस्टनच्या स्प्रिंगखाली वायसर घालण्याची एक जुनी खोड आहे. त्याने काटा वर जातो, पण बेअरिंगला मिळणारे तेल वाढतेच असे नाही. झिजलेल्या बेअरिंगमुळे गरम इंजिनाचा दाब कमी दाखवला जात असेल, तर त्या वेळी पिस्टन मुळातच बंद असतो आणि स्प्रिंगचा ताण वाढवून काहीच साधत नाही. थंड इंजिनात मात्र दाब प्रमाणाबाहेर जाऊन कूलर किंवा सील फाटण्याचा धोका निर्माण होतो. गरम इंजिनासाठी दर १,००० फेऱ्यांमागे सुमारे ०.७ बार दाब असावा, हा कारागिरांमध्ये रूढ असलेला ठोकताळा आहे. मंद गतीवर काटा खाली बसणे या गाडीत नवे नाही. वेग वाढवल्यावरही तो उठत नसेल तर काळजी करावी.

पिस्टनवरील तेलाचे फवारे

१९७१ च्या मॉडेलपासून क्रँककेसमध्ये बारीक जेट बसवण्यात आले. ते पिस्टनच्या खालच्या पृष्ठभागावर तेल उडवून तो थंड ठेवतात. त्याआधीच्या क्रँककेसला यंत्रावर छिद्रे पाडून हे जेट बसवता येतात. दुरुस्तीच्या वेळी असलेले जेट कचऱ्याने बुजलेले नाहीत ना, हे तपासणे अधिक महत्त्वाचे असते. कॅमशाफ्टच्या घरातील फवारा-नळीचीही तीच गोष्ट आहे. तिची छिद्रे बुजली की कॅमच्या उंचवट्यांची आणि रॉकरच्या टोकांची झीज झपाट्याने होते. बाहेरून मात्र दाबमापक सर्व काही ठीक असल्याचे दाखवत राहतो.

गळती रोखणारे भाग

जुनी ९११ तेल गाळतेच, असा समज आहे. त्यात तथ्य आहे, पण त्याला इलाज नाही असे नाही. कॅमशाफ्टच्या घरातून क्रँककेसकडे तेल आणणाऱ्या चार परतीच्या नळ्यांची रबरी कडी उष्णतेने कडक होते. मूळ नळ्या बदलायच्या तर इंजिन उघडावे लागते. त्यांच्या जागी दोन तुकड्यांच्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्या बसवल्यास ते टळते. रॉकर शाफ्टच्या टोकांशी होणारी गळती थांबवण्यासाठी खाचेत बसणाऱ्या लहान रबरी सील वापरतात. त्या आरएसआर या शर्यतीच्या प्रकारावरून ओळखल्या जातात. व्हॉल्व्हची जुनी मॅग्नेशियमची खालची झाकणे वाकत असल्याने त्यांच्या जागी टर्बोची मजबूत अॅल्युमिनियमची झाकणे लावणे हा सर्वांत स्वस्त आणि सोपा बदल आहे.

तेलाची निवड

या इंजिनात रॉकर कॅमवर घासत सरकतो. अशा जोडणीला झिंक आणि फॉस्फरसयुक्त झीजरोधक द्रव्याची गरज असते. फॉस्फरस एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटवतो, म्हणून आधुनिक पेट्रोल इंजिनांच्या पातळ तेलांत त्याचे प्रमाण उतरत्या क्रमाने कमी करण्यात आले. एपीआयच्या एसएल वर्गात ते ०.१० टक्क्यांपर्यंत होते, तर एसएम वर्गात ०.०८ टक्के ही कमाल मर्यादा ठरली. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० यांसारख्या जाड तेलांना ही मर्यादा लागू नाही. जुन्या ९११ साठी बहुधा हीच तेले वापरली जातात. डब्यावरील वर्ग जितका नवा तितके तेल या इंजिनाला चांगले, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

तेलाची पातळी इंजिन पूर्ण गरम असताना, मंद गतीवर चालू ठेवून आणि गाडी सपाट जागेवर उभी करून पाहतात. इंजिन बंद असताना टाकीतील काही तेल इंजिनात उतरलेले असते, त्यामुळे डिपस्टिक कोरडी दिसते. ती पाहून वरून तेल ओतत गेल्यास पातळी प्रमाणाबाहेर जाते आणि जादा तेल एअर फिल्टरच्या घरात शिरते. ज्या गाड्यांच्या फलकावर पातळीचा वेगळा काटा आहे, तो चालत्या गाडीत शून्यावर दिसू शकतो. त्याचे वाचन फक्त वरील पद्धतीनेच खरे धरावे.

बसवणीनंतरची काळजी

कोणताही तेलभाग बदलल्यावर इंजिन लगेच सुरू केले जात नाही. प्रज्वलन तोडून, म्हणजे जुन्या गाड्यांत सीडीआय पेटीची जोडणी काढून आणि कॅरेरा ३.२ मध्ये इंजिन-संगणकाचा रिले काढून, दाबमापकाचा काटा हलेपर्यंत स्टार्टरने इंजिन थोडे-थोडे फिरवतात. रिकामा नवा कूलर आणि त्याच्या नळ्या बरेच तेल शोषून घेतात. त्यामुळे इंजिन गरम झाल्यावर पातळी पुन्हा पाहून तेल भरावे लागते. तेल काढण्याचे दोन बोल्ट असतात, एक इंजिनाखाली आणि एक टाकीखाली. पुढील कूलर व नळ्यांतील तेल मात्र या दोन्हींतून निघत नाही.

आधी बेअरिंग किंवा चेन तुटलेल्या गाडीत जुना कूलर धुऊन परत लावणे ही सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. त्याच्या पात्यांमधील धातुकण साध्या धुलाईने निघत नाहीत आणि नव्या इंजिनाची चाल सुरू झाल्यावर ते सुटून पुन्हा प्रवाहात येतात. टाकी, थर्मोस्टॅट आणि लांब नळ्यांनाही हेच लागू आहे. पुढील कूलर नवा घ्यावा किंवा विशेष यंत्रावर साफ करून तपासून घ्यावा. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर फिल्टर कापून उघडावा आणि त्याच्या घड्यांत चकाकणारे कण आहेत का, हे पाहावे.

मूळ स्वरूपाचा प्रश्न

जुन्या ९११ च्या किमती वाढल्यापासून गाडीचे सर्व भाग मूळ असण्याला बाजारात वेगळे मोल आले आहे. १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ सारख्या गाडीत क्रँककेसला नवी छिद्रे पाडणे अनेक मालक नाकारतात. तो बदल परत फिरवता येत नाही. टेन्शनर, परतीच्या नळ्या आणि व्हॉल्व्हची झाकणे यांची गोष्ट वेगळी आहे. ते भाग काढून जुने परत लावता येतात आणि गाडीच्या इंजिन क्रमांकावर किंवा बाह्यरूपावर त्यांचा परिणाम होत नाही. पुढील कूलर या दोहोंच्या मध्ये येतो. ज्या गाडीत तो मुळात नव्हता, तिच्या मडगार्डमध्ये कंस जोडावे लागतात आणि उजव्या बाजूने नळ्या नेण्यासाठी जागा करावी लागते. काही मालक कंस वेल्ड न करता केवळ बोल्टने बसवतात आणि काढलेले मूळ भाग खुणेच्या चिठ्ठीसह जपून ठेवतात. गाडी विकताना ते भाग आणि कामाची बिले सोबत असली, तर दाबाच्या तेलावर चालणारे टेन्शनर असणे ही खरेदीदारांच्या दृष्टीने उणीव न ठरता सहसा जमेचीच बाजू समजली जाते.